वीणाच्या बाबांची मुलाखत

त्र्यंबक हुपरीकरांच्या तोंडून आपल्या घरातल्या माणसाची स्तुती आजवर कुणी ऐकली नव्हती. भाजी फक्कड जमली की ते 'चालेल' म्हणत. लताबाई नवी साडी नेसून समोर आल्या की 'हं' म्हणत, आणि तो 'हं' साडीला होता की पेपरातल्या बातमीला, हे शेवटपर्यंत कळत नसे. लेकीने, म्हणजे वीणाने, गणितात शंभरपैकी शंभर आणले की ते चष्मा कपाळावर सरकवत, पेपर उलटासुलटा करून बघत आणि म्हणत, "वाईट नाही." ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी पदवी. पंधरा वर्षांत ती वीणाला चारदा मिळाली होती, आणि चारही तारखा लताबाईंना पाठ होत्या.

दुसऱ्यांच्या पोरांच्या बाबतीत मात्र त्यांचा हात भलताच सैल. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या मराठी मंडळींत कुणाच्या बाळाने पेटीवर दोन पट्ट्या दाबल्या की त्र्यंबकराव मान डोलवत, "वा! काय बोटं आहेत!" आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं ही म्हण या माणसाने उलटी टांगून ठेवली होती. कुणी वीणाचं नाव काढलं की ते घाईघाईने दोन्ही हात हलवत. "छे छे हो! कसली हुशार! नुसती आळशी आहे. हुशार म्हणजे तुमचा अमित." त्यावर अमितचे वडील, नागपूरचे विवेक खानझोडे, म्हणत, "अमित? अहो, गाढव आहे तो!" हा चेंडू चार वेळा इकडून तिकडे जाई, आणि मग दोघंही तृप्त मनाने जेवायला बसत. नियम सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नसे.

हे वळण सांगलीचं. त्र्यंबकरावांचे वडील तिथे शाळेत मास्तर होते. त्र्यंबक मॅट्रिकला जिल्ह्यात तिसरा आला, गुणपत्रिका घेऊन धावत घरी गेला, तेव्हा मास्तरांनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाले, "अक्षर सुधार." ही गोष्ट त्र्यंबकराव प्रत्येक नव्या पाहुण्याला मोठ्या अभिमानाने सांगत आणि शेवटी म्हणत, "म्हणून मी आज इथवर आलो." अक्षर काही शेवटपर्यंत सुधारलं नाही, पण ते विचारायचं कुणाला सुचत नसे.

नोकरीसुद्धा देवाने त्यांना शोधून दिल्यासारखी होती. ह्यूस्टनमधल्या एका कंपनीत ते पाइपलाइनची डिझाइनं तपासत. शंभर मैलांचा पाइप चांगला आहे हे सांगायला कुणी पगार देत नाही. तो कुठे फुटेल, ते शोधायचं. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाची नजर तशीच होते. त्यात शहाऐंशी साली तेलाचे भाव कोसळले, ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि त्र्यंबकरावांना ऑफिसाबाहेरही सगळीकडे भेगाच दिसायला लागल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वीणाने एक फॉर्म आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. ती दहावीत होती आणि तिच्या सरकारी शाळेतलं गणित या वर्षीच संपणार होतं. पुढच्या वर्षी त्या तासाला तू ऑफिसात बसून फाइली लाव, असं शाळेच्या बाईंनी तिला प्रेमाने सुचवलं होतं. ह्यूस्टनमध्ये ब्रायरफील्ड नावाची खाजगी शाळा होती. तिथे पुढचं गणित होतं, फिजिक्सची खरी लॅब होती. पण अकरावीला नव्या जागा तीनच. लेखी परीक्षा आणि मग मुलाखत.

"बाबा, मला इथे जायचंय. आय रिअली वाँट धिस," वीणा म्हणाली.

या पोरीने आजवर कधी हट्टाने काही मागितलं नव्हतं. त्र्यंबकरावांनी फॉर्म दोनदा वाचला, त्यातली एक छपाईची चूक दाखवली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून स्टॉपवॉच घेऊन आले.

मग घराची शाळा झाली. फ्रिजवर रोज वीस नवे इंग्रजी शब्द लागू लागले. दूध काढायला गेलेल्या माणसाने एका तरी शब्दाचा अर्थ सांगितल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा नियम निघाला. लताबाईंनी पहिल्याच आठवड्यात कोरा चहा प्यायला सुरुवात केली. गणिताला वीणाला मदत लागत नव्हती, म्हणून त्र्यंबकराव नुसते स्टॉपवॉच धरून समोर बसत आणि सुस्कारे टाकत. शेवटी वीणा म्हणाली, "बाबा, तुमचं ब्रीदिंग डिस्टर्ब करतंय." तेव्हा ते शेजारच्या खोलीत जाऊन सुस्कारे टाकू लागले.

मुलाखतीची तयारी तर बघण्यासारखी होती. अमित आधीच एका खाजगी शाळेत लागला होता, त्यामुळे विवेकराव या विषयातले अधिकारी पुरुष. त्यांनी फोनवर सांगितलं, "यार त्र्यंबकराव, सगळं हँडशेकवर असतं." झालं. लताबाई कणीक मळत असल्या तरी त्यांना येताजाता लेकीशी हस्तांदोलन करावं लागे. दर रविवारी दुपारी त्र्यंबकराव खाली पायजमा आणि वर कोट घालून जेवणाच्या टेबलामागे ब्रायरफील्डचे हेडमास्तर मिस्टर थॉमस होऊन बसत. वीणाने कपडे धुवायच्या खोलीच्या दारावर टकटक करून आत यायचं, हात मिळवायचा, बसायचं. चाळीस प्रश्न आणि त्यांची चाळीस उत्तरं त्यांनी कार्डांवर लिहून काढली होती. एक नियम त्यांनी कार्डांच्या वर लाल शाईने लिहिला होता: नुसतं विशेषण नको, उदाहरण दे.

"मी मेहनती आहे," वीणा म्हणायची.

"उदाहरण?" हेडमास्तर गरजायचे.

"बाबा, नोबडी टॉक्स लाइक दॅट."

"बाबा नाही. मिस्टर थॉमस."

डिसेंबरात लेखी परीक्षा झाली. निकाल आला तेव्हा शंभरातली सत्त्याण्णव मुलं वीणाच्या मागे होती. त्र्यंबकरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. लताबाई श्वास रोखून पाचव्या पदवीची वाट बघत होत्या. ते म्हणाले, "उरलेली दोन कोण?"

जानेवारीच्या शेवटी मुलाखतीचं पत्र आलं. खाली एक ओळ होती की मुलीची मुलाखत चालू असताना पालकांशीही वीस मिनिटं बोलायला आवडेल. त्र्यंबकरावांना ते चहापाण्याचं वाटलं. चाळीस कार्डांत पालकांसाठी एकही कार्ड नव्हतं.

शाळेच्या बैठकीच्या खोलीत त्यांच्याआधी एक उंच टेक्सन गृहस्थ बसले होते. चामड्याचे बूट, पट्ट्याला मोठं बकल. त्यांचा मुलगा पोहण्याच्या शर्यतीत नववा आला होता, आणि ते सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते की हा पोरगा जन्मजात पुढारी आहे. त्र्यंबकराव हळूच लताबाईंना म्हणाले, "काय हा माणूस! स्वतःच्या मुलाबद्दल असं बोलतात?" लताबाईंनाही बिचाऱ्या गृहस्थांची लाज वाटली.

प्रवेशाचं बघणाऱ्या बाई म्हणजे मिसेस कॅल्डवेल. पांढरे केस, दोरीला अडकवलेला चष्मा, मांडीवर पिवळं पॅड. वीणाला गणिताचे शिक्षक घेऊन गेले, आणि बाईंनी या दोघांना कॉफी देऊन गोड आवाजात विचारलं, "तुमच्या मुलीबद्दल सांगा ना. तिच्यात सगळ्यात चांगलं काय आहे?"

चेंडू आला की तो परतवायचा, हे त्र्यंबकरावांच्या हाडीमाशी खिळलेलं. ते हसून म्हणाले, "छे छे, विशेष काही नाही. साधारणच मुलगी आहे."

आणि बाई आता 'अहो, असं कसं म्हणता!' म्हणतील म्हणून थांबले. बाईंनी पॅडवर 'साधारण' असं लिहिलं. त्र्यंबकरावांना ते उलटं वाचता आलं, आणि ते जरा बावरले. आपण नीट नम्र झालो नाही की काय, असं वाटून ते पुढे म्हणाले, "थोडी आळशी आहे. मागे लागल्याशिवाय काही करत नाही."

बाईंनी तेही लिहिलं. खोलीत शांतता पसरली. अशी शांतता लताबाईंना सोसत नसे, म्हणून त्यांनी हातभार लावला, "आणि हट्टीपण आहे. तिची खोली तर बघवत नाही."

"अच्छा," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला. "मग तिने आमच्या शाळेत यावं, असं तुम्हाला का वाटतं?"

"तुमच्याकडे आली तर कदाचित सुधारेल," त्र्यंबकराव म्हणाले.

परतीच्या वाटेवर गाडीत वीणा नुसती फुलली होती. चाळीसपैकी एकही प्रश्न आला नव्हता. त्या शिक्षकांनी विचारलं की चालती सायकल पडत का नाही, आणि मग अर्धा तास दोघं फळ्यावर चाकं काढत बसली. "ही वॉज सो नाइस! तुम्हाला काय विचारलं?"

त्र्यंबकरावांनी निरागसपणे सगळं सांगितलं. साधारण, आळशी, हट्टी, खोली. मागच्या सीटवरची वीणा पुढे वाकली.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "डू यू थिंक आय ॲम ॲव्हरेज?"

"अगं, तसं नाही. असं म्हणायचं असतं."

"व्हाय?"

त्र्यंबकराव फ्रीवे सोडून घराच्या वळणाला लागले. का म्हणायचं असतं? सांगलीत हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

त्यानंतर वीणा भांडली नाही, रडली नाही. तिने नुसते शाळेचे पेपर दाखवायला आणणं बंद केलं. जेवताना विचारलं की 'फाइन' म्हणे. त्र्यंबकरावांना पहिल्यांदाच कळलं की एवढी वर्षं ती पेपर दाखवायला का आणत होती, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

गुरुवारी मिसेस कॅल्डवेलचा फोन आला. लताबाईंनी घेतला. बाई कोड्यात पडल्या होत्या. परीक्षा एक सांगते, शिक्षकांची पत्रं तेच सांगतात, आणि आईवडील काही भलतंच. घरी काही अडचण आहे का, त्यांनी फार जपून विचारलं. दोन जागा भरल्या होत्या, एक उरली होती. सोमवारी पुन्हा येऊन भेटाल का?

त्र्यंबकरावांनी विवेकरावांना फोन लावला. ते कपाळावर हात मारल्यासारखे ओरडले, "यार, तिथे चेंडू परत येत नाही! तुम्ही टाकला की तो तिथेच पडतो! मी अमितबद्दल एवढं बोललो ना, की घरी येताना मलाच वाटलं, हा मुलगा कोण?"

शनिवारी त्र्यंबकराव कोरी कार्डं घेऊन बसले. 'ती मेहनती आहे.' खोडलं. 'ती भरवशाची आहे.' हे वाचून त्यांनाच एखाद्या पंपाची शिफारस करतोय असं वाटलं. दुपारपर्यंत टोपली भरली आणि कार्ड एकही उरलं नाही. लताबाई गवारीच्या शिरा काढत समोर बसल्या होत्या.

"अहो, तुम्ही जिल्ह्यात तिसरे आलात तेव्हा मामंजींनी सगळ्या गल्लीत साखर वाटली होती ना?"

"हो."

"तुम्हाला कधी कळलं?"

त्र्यंबकरावांनी टोपलीतलं एक चुरगळलेलं कार्ड उचलून सरळ केलं. त्यांना ते कळलं होतं वयाच्या सदतिसाव्या वर्षी, वडिलांच्या तेराव्याला, शेजारच्या दिगंबरपंतांकडून. मास्तर घरोघर जाऊन म्हणत होते, माझ्या पोराने नाव काढलं. ते ऐकून आनंद व्हायच्या आधी त्यांना संतापच आला होता. सगळ्या गल्लीला सांगितलंत, मला एकट्यालाच सांगायचं काय जड झालं होतं? पण हे विचारायला समोर कुणी उरलं नव्हतं.

"गवार फार कोवळी आहे," ते म्हणाले आणि उठून गेले. पण लताबाईंना जे बघायचं ते दिसलं होतं.

रविवारी दुपारी ते फ्रिजसमोर उभे राहून शब्दांच्या यादीशी पुटपुटत असताना वीणा खाली आली. तिने थोडा वेळ बघितलं. मग खुंटीवरचा त्यांचा कोट काढून अंगात घातला, बाह्या दुमडल्या, स्टॉपवॉच घेतलं आणि टेबलामागच्या खुर्चीत जाऊन बसली.

"मिस्टर हुपरीकर," ती म्हणाली, "बाहेर जा आणि नॉक करून या."

त्र्यंबकराव निमूटपणे कपडे धुवायच्या खोलीत गेले, टकटक करून आत आले. हात मिळवला. बसले. लताबाई कणकेचे हात तसेच ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"तुमच्या मुलीत सगळ्यात चांगलं काय आहे?"

"ती... म्हणजे... वाईट ना..."

खट्. स्टॉपवॉच थांबलं. "अगेन."

"ती गणितात चांगली आहे."

"उदाहरण?" वीणा म्हणाली. "नुसतं विशेषण नको."

त्र्यंबकरावांनी टेबलक्लॉथकडे बघितलं. त्यावर हळदीचा एक जुना डाग होता. त्या डागाकडे बघतच ते मराठीत बोलायला लागले.

"गेल्या मार्चमध्ये आमच्या सेक्शनमधल्या अकरा जणांना एका सकाळी काढलं. माझ्या शेजारचा नरेंद्र गेला. आता माझा नंबर, असं वाटत होतं. मी घरी आलो, गॅरेजमध्ये गाडी बंद केली आणि तसाच बसून राहिलो. आत यायला पाय उचलेनात. तेवढ्यात वीणा बाहेर आली. शेजारच्या सीटवर बसली. काय झालं, असं एका शब्दाने विचारलं नाही. वही काढली आणि त्रिकोणमितीची गणितं करत बसली. अर्ध्यापाऊण तासाने म्हणाली, बाबा, हे सुटत नाही. मी सोडवून दिलं. मग आम्ही दोघं आत आलो आणि जेवलो."

त्यांनी बोटाने तो हळदीचा डाग चोळला.

"दुसऱ्या दिवशी मी तिची वही बघितली. अगदी तसंच गणित तिने आदल्या पानावर सोडवलेलं होतं. तिला ते येत होतं. बाबांना अजून काहीतरी जमतं, एवढंच तिला मला दाखवायचं होतं. हे मी तिला शिकवलेलं नाही. मला तरी कुठे येतं? मला तिचा फार अभिमान वाटतो. मी हे कधी बोललो नाही, ते चुकलं माझं."

स्टॉपवॉच वीणाच्या हातात टिकटिकत राहिलं होतं. कोटाच्या बाहीने तिने नाक पुसलं. तो कोट परवाच ड्राय क्लीन करून आणला होता, पण कुणी काही बोललं नाही.

"वाईट नाही," वीणा म्हणाली.

सोमवारी त्र्यंबकरावांनी मिसेस कॅल्डवेलना हीच गोष्ट इंग्रजीत सांगितली. मध्ये दोनदा अडखळले, एकदा पाणी प्यायले. बाईंनी पिवळं पॅड सुरुवातीलाच बाजूला ठेवलं होतं, ते पुन्हा उचललं नाही. निघताना लताबाईंनी मात्र प्रामाणिकपणे सांगितलं, की खोलीचं जे म्हटलं होतं ते खरंच आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जाड पाकीट आलं. वीणाला जागा मिळाली होती. लताबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि तिथून थेट फोन गाठून खानझोड्यांच्या घरी बातमी दिली. पाच मिनिटांत विवेकरावांचा उलटा फोन. त्र्यंबकरावांनी भिंतीवरचा रिसीव्हर उचलला. टेबलाशी वीणा दुधात सीरिअल घालून खात बसली होती.

"काँग्रॅच्युलेशन्स, त्र्यंबकराव!" विवेकरावांचा आवाज स्वयंपाकघरभर घुमला. "मी म्हणत नव्हतो? तुमची वीणा फार हुशार आहे हो!"

चेंडू आला होता. त्र्यंबकरावांचा मोकळा हात सवयीने वर उठला. वीणाने मान वर केली नाही, पण तिचा चमचा वाटीत थांबला.

त्यांनी हात खाली घेतला.

"हो," ते म्हणाले. "आहे. फार हुशार आहे. आणि त्याहून जास्त म्हणजे, मनाने मोठी आहे."

पलीकडे विवेकरावांनी 'अमित गाढव आहे' हे वाक्य तोंडात तयार ठेवलं होतं, ते आता कुठे ठेवावं हे त्यांना कळेना.

"हॅलो? त्र्यंबकराव? वीणा घरात नाहीये का?"

"आहे ना," त्र्यंबकराव म्हणाले. "इथेच बसलीय, समोर. ऐकतेय."